गिरणीच्या दारावरचे अभिप्राय

इंदूआत्या, तुझ्या निधनाच्या बातमीला लोकांनी पाच स्टार दिले आहेत.

खरंच सांगते. तू गेलीस त्या संध्याकाळी मीच ती बातमी आपल्या वेबसाइटवर टाकली, तुझा तो हिरव्या काठाच्या साडीतला फोटो लावून. रडण्याच्या नादात पानाच्या तळाशी असतो तो फॉर्म काढायचा राहून गेला. 'हे पान तुम्हाला कसं वाटलं?' सकाळी उठून बघते तर पाच स्टार, पाच स्टार, पाच स्टार. एकानं खाली लिहिलंय, 'छान माहिती, धन्यवाद.' मी उंबऱ्यावर बसून आधी हसले आणि मग मला इतकं भरून आलं, की आईनं येऊन माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, बघ मने, मी मेले तरी ह्यांच्यानं वाईट म्हनवत न्हाई.

चोवीस दिवस झाले तुला जाऊन. तुझा जन्म कधीचा, किती शिकलीस, किती वर्षं गिरणी चालवलीस हे सगळं बातमीत छापून झालंय आणि तुला ते ठाऊकच आहे. मला वेगळं बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. त्या भांडणात मी चूक होते हे मला आता कळलंय, आणि कळलंय ते तूच शिकवलेल्या रीतीनं. ऐकून घे.

सुरुवात कशी झाली आठवतं? घरी बसून मी श्रीरामपूरच्या दुकानदारांच्या वेबसाइट करायचे. एक दिवस डोक्यात आलं की आपल्या बेलापूरची आणि आजूबाजूच्या गावांची एक का नसावी. केली. त्यात वाचायला लेख, बघायला व्हिडिओ, जुने-नवे फोटो, ऐकायच्या गोष्टी आणि रोजचा बाजारभाव. हौसेनं केलं खरं, पण लोकांना यातलं नेमकं काय हवंय हे मला कळेना. म्हणून प्रत्येक पानाखाली तो फॉर्म लावला. स्टार द्या आणि दोन शब्द लिहा. लिहिलेलं आधी माझ्याकडे येणार, मी मंजूर केलं की मग सगळ्यांना दिसणार. कुणी वेडंवाकडं लिहू नये म्हणून ही सोय. वेडंवाकडं राहू दे, 'ठीक आहे' एवढंसुद्धा कधी कुणी लिहिलं नाही. सगळीकडे पाच स्टार आणि 'छान'.

एकदा ऊसतोडणीवरच्या लेखाऐवजी माझ्या हातून कोरं पान चढलं. वर नुसतं शीर्षक, खाली काही नाही. तीन दिवस ते तसंच राहिलं. चौथ्या दिवशी लक्षात आलं, बघते तर त्यालाही पाच स्टार. 'उपयुक्त माहिती. असंच लिहीत राहा.' मी तणतणत तुझ्या गिरणीत आले. तू पट्ट्याची उसवलेली शिवण घालत बसली होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि मान वर न करता विचारलंस, मी तुला जेवाय वाढून 'भाजी कशी झाली' म्हणून विचारलं तर काय सांगशील? मी म्हटलं, खारट असेल तर खारट सांगेन. तू म्हणालीस, तू घरची हायस, पाव्हण्यानं कधी सांगितलंय का? आवडलं का म्हणून विचारलं की आपल्याकडचा माणूस पाहुणा होतो, हे तुझं म्हणणं. समोरच्यानं मेहनत केलीय, त्याला नाही कसं म्हणायचं?

मग काय विचारायचं, हे मी चिडूनच विचारलं होतं. तू सुईचा दोरा दातानं तोडलास.

"कुठं थांबलीस, असं इचार. थांबन्यात कुनाचा अपमान न्हाई. कुनाला सासू हाक मारती, कुनाचं दूध उतू जातं. पन माणूस थांबतो तो उगंच थांबत न्हाई."

त्या दिवसापासून अभिप्राय गोळा करायचं काम तू माझ्या हातातून काढूनच घेतलंस. दळणाचा नंबर लागेपर्यंत बायका बसलेल्या असायच्या. त्यांच्या डब्यांच्या झाकणांवर नावं लिहायला तुझ्याकडे खडू असायचाच. त्याच खडूनं तू पत्र्याच्या दाराच्या आतल्या बाजूला रकाने पाडलेस. लेख, व्हिडिओ, फोटो, ऐकायचं, भाव. प्रत्येकीला विचारायचं कुठं थांबलीस, आणि त्या रकान्यात एक शब्द लिहायचा. नाव नाही, गाव नाही, फक्त तो एक शब्द. शनिवारी मी येऊन दाराचा फोटो काढायचे आणि मग तू ओल्या फडक्यानं दार पुसायचीस. लाईट गेली की तुझी तर चंगळच. मोटार बंद, बायका अडकलेल्या, आणि तू स्टुलावर बसून एकेकीला धरणार.

ते फोटो आजही माझ्या मोबाईलमध्ये आहेत. काल पुन्हा पाहत बसले होते. काय काय सापडलं होतं आपल्याला! व्हिडिओच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा एकच शब्द होता, 'मित्रांनो'. मला काही कळेना. तू सांगितलंस, व्हिडिओत बोलणारा तो पोरगा सुरुवातीलाच 'नमस्कार मित्रांनो' म्हणतो, तिथंच ह्या बंद करतात. त्यांना वाटतं हे बाप्यांसाठी हाय. दूध-दुभत्यावरचे आठ व्हिडिओ मी केले होते, आणि धारा काढणाऱ्या बायका पहिल्याच वाक्याला उठून जात होत्या. मी ते वाक्य सगळीकडून कापलं. पुढच्या शनिवारी त्या रकान्यात 'चारा' आला, 'औषध' आलं, 'शेवटपर्यंत' असंही एक आलं. तू ते 'शेवटपर्यंत' दोनदा गिरवून ठळक केलं होतंस.

फोटोंचं तर मला आजही हसू येतं. मी बैलांच्या जोडीचे, गोदावरीच्या पाण्याचे चांगले चांगले फोटो टाकायचे. बायका दोन बोटांनी फोटो मोठा करून मागं कोण उभंय ते बघायच्या. 'मागचा माणूस', 'मागची साडी', 'ही सुमन का?' असलं सगळं रकान्यात. बैलाकडे कुणी बघितलं नाही. तेव्हा तू मला म्हणालीस, माणसं टाक, जनावरं त्यांच्या घरी हायत.

आणि आपलं पहिलं भांडण झालं ते ऐकायच्या गोष्टींवरून. मला मोबाईलवर आकडे दिसतात ना, किती जणांनी किती वेळ ऐकलं याचे. त्या आकड्यांत ऐकायच्या गोष्टी सगळ्यात पुढे होत्या, लोक अगदी शेवटपर्यंत ऐकत होते. मी जाहीर केलं की आता लेख कमी आणि ऐकायचं जास्त. तू म्हणालीस थांब. दोन शनिवार विचारून आलीस आणि म्हणालीस, भाकरी थापताना लावत्यात त्या, हात पिठाचे असत्यात, बंद कोन करनार? मी म्हटलं, म्हणजे आकडे खोटे आहेत का? खोटे न्हाईत गं, तू म्हणालीस, मुके हायत. भावाच्या पानाबद्दलही तेच. तिथं लोक येतात आणि लगेच जातात, म्हणून मी ते पान बंद करायला निघाले होते. तू विचारलंस, घड्याळात तू किती येळ बघत बसतेस? मी ते पान ठेवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तुझा थोरला भाऊ, रोज सकाळी चहाबरोबर त्यातली कांद्याची एक ओळ बघतात आणि मोबाईल उपडा ठेवतात. तेवढ्यासाठी ते पान आहे.

इतकं सगळं शिकवलंस आणि मी ऐन वेळी विसरले, याचाच मला राग येतो.

'आपली माणसं' नावाचा भाग सुरू केला तेव्हा पहिला लेख तुझ्यावरच लिहायचा हे मी ठरवलं होतं. तू आधी नको म्हणालीस, मग हो म्हणालीस, मग परत नको. मी ऐकलं नाही. लेख चांगला झाला होता, मी अजूनही म्हणते. कोपरगावच्या पलीकडच्या गावात तुला दिलं होतं, तिथं तुझे कसे हाल हाल केले, बाविसाव्या वर्षी तू माहेरी परत कशी आलीस, लोकांच्या नजरा झेलत गिरणीत कामाला कशी लागलीस आणि पुढं तीच गिरणी स्वतः कशी चालवायला घेतलीस. त्यात तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, 'बहिणीचे हाल कानावर येताच माझे वडील सायकलवर टांग मारून निघाले आणि तिला पेटीसकट घरी घेऊन आले.' आपल्या घरात ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. दिवाळीला, लग्नकार्यात, नवे जावई आले की अण्णा ती सांगायचेच. माझ्या दृष्टीनं त्या लेखातलं ते सगळ्यात सुंदर वाक्य होतं.

शनिवारी गिरणीत आले. लेखाच्या रकान्यात तू शब्द लिहिले होतेस. सायकल. सायकल. सायकल. सायकल. खालपर्यंत तेच. माझे आकडेही तेच सांगत होते, लोक त्या परिच्छेदावर येऊन थबकतात आणि बराच वेळ तिथंच राहतात. मी तर हवेत. म्हटलं, बघ आत्या, सगळ्यांच्या काळजाला भिडलंय ते. तू गव्हाचा डबा गिरणीच्या तोंडात रिकामा करत होतीस. चेहऱ्यावर पीठ, त्यामुळे मला काही कळलं नाही.

"ते वाक्य काढ," तू म्हणालीस.

मी का म्हणून विचारलं. तू म्हणालीस, काढ म्हनते ना. मी तुला समजावायला लागले. सगळ्यात जास्त वाचलेला परिच्छेद कुणी काढतं का? लोक तिथं थांबतायत, म्हणजे त्यांना ते आवडतंय. तू पुन्हा म्हणालीस, काढ. मग मी ते बोलले. तुला वेबसाइटमधलं काय कळतंय गं आत्या? असं म्हणाले मी. तुला! माझ्या अर्ध्या चुका जिनं दारावर लिहून दाखवल्या तिला. तू फडकं घेतलं नाहीस, हातानंच तो रकाना पुसलास आणि म्हणालीस, ठेव मग, अण्णाला बरं वाटंल.

त्यानंतर तीन आठवडे तू होतीस. रोज भेटत होतो आपण. व्हिडिओ, फोटो, भाव, सगळ्यांचे शब्द तू लिहीत होतीस, पण त्या लेखाचं नाव पुन्हा काढलं नाहीस. मीही नाही. त्या बायकांना तू विचारलंस, पण तू स्वतः तो लेख वाचताना कुठं थांबलीस हे मी तुला एकदाही विचारलं नाही. आज-उद्या विचारू, आधी तिचा राग जाऊ दे, असं करत राहिले. आणि मग तू दवाखान्यात गेलीस ती गेलीसच.

तेराव्यानंतर सिंधूकाकूनं गिरणी उघडली. तुझ्याबरोबर इतकी वर्षं तिनं काढली, तीच आता चालवते. तुझ्या स्टुलावर ती बसत नाही, त्यावर पीठ चाळायची चाळणी ठेवलीय. मी गेले तेव्हा चार-पाच जणी होत्या, सगळ्या तुझ्या वयाच्या. मी पोत्यावर बसले. दाराकडे बघवेना. तेवढ्यात लाईट गेली. मोटार हळूहळू बंद झाली आणि गिरणीत एकदम इतकं शांत झालं की मला तू आठवलीस, आता तू एकेकीला धरणार. कुणीच काही विचारेना, तेव्हा मीच विचारलं. आत्यावरचा लेख तुम्ही वाचलात ना, मग सायकलपाशी का थांबलात?

एकीनं डब्याचं झाकण उघडून परत लावलं. मग सगळ्या सिंधूकाकूकडे बघायला लागल्या.

"मने, सायकल कुठनं आली मधीच?" ती म्हणाली. "मी त्या दिशी ष्टँडवर हुते. इंदू येष्टीतनं उतरली, डोक्यावर पेटी. मी म्हनलं, कोन आलंय गं संगं? तर म्हनली, कोन यील? एकटी चालत गेली घरापोत्तर. आमी समद्यांनी बघितलंय."

म्हणून त्या तिथं थांबत होत्या. पुढं वाचवत नव्हतं त्यांना. मला वाटत होतं काळजाला भिडलंय, आणि त्या ओळीवर गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या अडखळत होत्या. मग सांगितलं का नाही, मी विचारलं. फॉर्ममध्ये तर सगळ्यांनी 'छान' लिहिलंय. सिंधूकाकू म्हणाली, इंदूनं सांगून ठेवल्यालं, अण्णाच्या गोष्टीत कुनी हात घालायचा न्हाई. आयुष्यभर तो नियम तू त्यांच्याकडून पाळून घेतलास. तरी त्या शनिवारी दारावर त्यांचे शब्द तूच लिहिलेस, एकही न वगळता. ते तू माझ्यासाठी लिहिले होतेस ना? मला कळावं म्हणून? सरळ सांगायला काय झालं होतं? मला हे अजून उमगत नाही आणि त्याचा मला रागही येतो. पण मग वाटतं, तू सरळच तर सांगत होतीस. काढ म्हणालीस, तीनदा म्हणालीस.

त्या दिवशी घरी चालत येताना मी अण्णांवर इतकी चिडले होते की काही विचारू नकोस. दिवाळीत ते तुझ्यासमोर ती गोष्ट सांगायचे, आठवतंय? तू लाडू वळत बसलेली असायचीस. कुणीतरी विचारायचं, एवढ्या लांबून सायकलवर? आणि तू मध्येच म्हणायचीस, चेन पडली हुती ना वाटंत, पुनतांब्यापाशी. सगळे हसायचे. अण्णा हसायचे नाहीत, पाणी प्यायचे. मला नेहमी वाटायचं, किती छान आठवण आहे या दोघा भावंडांची. आता विचार करते की तू त्या खोट्या गोष्टीला चेन कशाला जोडलीस? त्यांना सांभाळून घेत होतीस, की टोचत होतीस? दोन्ही असेल. तुझं काही सांगता येत नाही.

मी ते वाक्य काढलं, आत्या. त्या जागी लिहिलं, 'तिला आणायला माहेरहून कुणी गेलं नाही. ती पेटी डोक्यावर घेऊन एस.टी.नं एकटी आली.' अण्णांना विचारलं नाही. धीर झाला नाही म्हण, किंवा राग होता म्हण. लेख पुन्हा वर आणून ठेवला, भावाच्या पानाच्या अगदी शेजारी, त्यांना दिसेल असा. आणि वाट बघत बसले. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला, मोबाईल बघितला, उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी मोबाईल बघितला आणि हातातच धरून ठेवला. चहा थंड झाला. आई म्हणाली, कांदा पडला का? ते मोबाईल हातात घेऊनच उठून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, मेलेल्या माणसाला न्याय द्यायला निघाले आणि जित्या माणसाला भर गावात उघडं पाडलं. तू एवढी वर्षं ज्याची अब्रू झाकलीस ती मी दोन ओळींत घालवली. परत जुनं वाक्य टाकावं असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू.

दहा-साडेदहाला मोबाईल वाजला. तुझ्या लेखाखाली एक अभिप्राय आला होता, मंजुरीसाठी. नावाच्या जागी अण्णांचं पूर्ण नाव. त्यांना टाइप करता येत नाही, ते मोबाईलमध्ये बोलतात आणि तो लिहून घेतो, त्यामुळे त्यात कुठं थांबा नाही की काही नाही. लिहिलं होतं, 'हे बरोबर आहे मी सायकलवर निघालो पण पुणतांब्यापर्यंत गेलो लोक काय म्हणतील असं वाटलं दुपारभर स्टेशनच्या बाकावर बसलो आणि परत आलो घरी सांगितलं की ते पाठवत नाहीत आठ दिवसांनी ती एकटी आली'

पुणतांबा. म्हणजे तुला ठाऊक होतं. भाऊ निघाला होता, आणि कुठून माघारी फिरला, हे तुला ठाऊक होतं. कुणी सांगितलं तुला? तिथल्या कुणी बघितलं होतं का त्यांना त्या बाकावर? आणि ठाऊक असूनही तू दर दिवाळीला ते गाव त्यांच्या गोष्टीत घालत होतीस. फक्त तुम्हा दोघांना कळेल असं. इतकी वर्षं तुम्ही दोघं सगळ्यांच्या देखत त्याच एका गोष्टीवर बोलत होतात आणि आम्ही हसत होतो.

मी मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेले. अण्णा लिंबाखाली बाजेवर बसले होते. मला वाटलं होतं मी भांडेन, पण त्यांच्याकडे बघून भांडण निघेना. त्यांनी आपणहून सांगितलं. तू परत आल्यावर दोन वर्षांनी त्यांचं लग्न ठरत होतं. आईकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, बहीण घरी कशी? तेव्हा अण्णांच्या तोंडून निघून गेलं, मी आणली, सायकलवर. आणि वर बघतात तर तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तुला ऐकू गेलं होतं. तू आलीस, एकेकापुढे कप ठेवलास, त्यांच्याही पुढे ठेवलास आणि आत गेलीस. त्या कपातला चहा त्यांना गिळवेना, असं म्हणाले. मग एकदा बोललेलं पुन्हा पुन्हा बोलावं लागलं. तुझ्यासमोर खरं म्हणायचं त्यांनी किती वेळा ठरवलं होतं, आणि प्रत्येक वेळी तू दुसराच विषय काढायचीस, अण्णा दळण न्यायचं हाय का, असं काहीतरी. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ते तुझ्या उशाशी बसले होते, तेव्हाही म्हणणार होते. तेवढ्यात तू डोळे मिटलेस, झोपली असशील म्हणून उठवलं नाही.

मी त्यांच्याशेजारी बसले. आत्या, त्या वेळी मला तुझी खरोखर गरज होती. मला कळत नव्हतं काय करावं. मी त्यांना नीट समजावून सांगितलं. अण्णा, हे तुम्ही लिहिलंय ते अजून कुणाला दिसलेलं नाही. आधी माझ्याकडे येतं. मी बटण दाबलं तरच लोकांना दिसेल. तुमचं माझ्यापर्यंत पोचलं, आता राहू दे हवं तर. तुम्हाला रोज बाजारतळावर बसायचंय, पारावर बसायचंय, जावयांना तोंड दाखवायचंय. मी नाही दाबत बटण. कुणाला कळणार नाही.

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला. मग म्हणाले,

"तिच्यासमोर म्हनायचं हुतं, ते ऱ्हायलं. आता लोकांसमोर तरी म्हनू दे."

मी बटण दाबलं.